आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना सुरुवात सिद्धांतापासून की प्रकरणापासून? (गोवा १९६१)

खडूफळा

नमस्कार मंडळी,

एमए राज्यशास्त्राला आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर बहुतेक महाविद्यालयांत एकाच क्रमाने शिकवला जातो. आधी वास्तववाद (देश सत्ता आणि सुरक्षेसाठी वागतात), मग उदारमतवाद, मार्क्सवादी मांडणी, रचनावाद (देशांचं वागणं विचार आणि संकेतांतून घडतं). त्यानंतर शीतयुद्ध, संयुक्त राष्ट्रे, आणि सत्र संपता संपता भारताचं परराष्ट्र धोरण घाईघाईत. परिणाम उत्तरपत्रिकेत दिसतो. वास्तववादाची सहा वैशिष्ट्ये मुलं न अडखळता लिहितात. पण एखादा ठराव समोर ठेवून 'या देशाने असं मत का दिलं असेल?' विचारलं की पेन थांबतं.

हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. पहिले दोन आठवडे एकच प्रकरण, तेही मूळ कागदांवरून. त्यातून जे प्रश्न निघतील, त्यांची उत्तरं शोधायला सिद्धांत. यासाठी गोवा, डिसेंबर १९६१ हे प्रकरण, म्हणजे भारताने लष्करी कारवाई करून गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपवली ते, मला सर्वांत योग्य वाटतं. बळाचा वापर, वसाहतवाद, नकाराधिकार, लष्करी गट, आंतरराष्ट्रीय न्यायालय हे सगळं त्यात आहे आणि बरेचसे कागद फुकट मिळतात.

जाणकारांना तीन प्रश्न : कागद नेमके कोणते द्यावेत? साठ मुलांच्या वर्गात ते हाताळायचे कसे? आणि लघुप्रबंधासाठी हा विषय झेपेल का?

---

तळटीप

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. वर्गासाठी एवढे कागद पुरतात :

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची कलमं २(३) (तंटे शांततेने सोडवणं), २(४) (बळ न वापरणं), ५१ (स्वसंरक्षण) आणि ७३ (अस्वशासित प्रदेश). आमसभेचा १४ डिसेंबर १९६० चा ठराव १५१४ (वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा), आणि दुसऱ्याच दिवशीचा १५४२. हा दुसरा ठराव हमखास राहून जातो. पोर्तुगाल सांगत होतं की गोवा वसाहत नाही, आमचा सागरापलीकडचा प्रांत आहे. १५४२ मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातल्या अस्वशासित प्रदेशांची यादी आहे आणि त्यात गोवा नावानिशी आहे. म्हणजे 'प्रांत' हा दावा आमसभेने वर्षभर आधीच फेटाळला होता.

मग १८ डिसेंबर १९६१ च्या सुरक्षा परिषदेच्या ९८७ व ९८८ व्या बैठकींचं इतिवृत्त. क्रमांक एस/पीव्ही.९८७ आणि एस/पीव्ही.९८८, संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात हाच क्रमांक टाकून शोधायचं. सोबत दोन मसुदे : एस/५०३२ (सिलोन म्हणजे आजची श्रीलंका, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे तेव्हाचा इजिप्त), पोर्तुगालची तक्रार फेटाळणारा; आणि एस/५०३३ (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान), युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार मागणारा.

अमेरिकी बाजूसाठी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या ऐतिहासिक कागदपत्र मालिकेतला १९६१-६३ चा १९ वा खंड, दक्षिण आशियाचा. तो पूर्ण खुला आहे.

एक खबरदारी घ्या. हे सगळं एकदम मुलांच्या हाती देऊ नका. इतिवृत्त लांबलचक आहे, मुलं पहिल्या चार पानांतच अडकतात. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा आणि अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन यांची भाषणं समोरासमोर छापून द्या. दोघेही एकाच सनदेवर बोट ठेवतात आणि दोन टोकांना पोचतात. पहिली तासिका तेवढ्यावर रंगते.

---

पूर्वरंग

वाचनखूण साठवली. १५४२ बद्दल खरंच कुठे वाचनात आलं नव्हतं.

---

सह्यकडा

खडूफळा, असहमत. सिद्धांत हातात नसताना कागद वाचला तर मुलं गोष्ट वाचतात, विश्लेषण करत नाहीत. 'पोर्तुगाल वाईट, भारत चांगला, रशियाने मदत केली' एवढंच पदरात पडतं. काय शोधायचं हे सिद्धांत सांगतो. राज्यसंस्था एकसंध घटक मानायची की आत डोकवायचं, हा निर्णय वाचनाच्या आधी व्हायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. गोवा हे आपलं प्रकरण आहे. महाराष्ट्रातल्या वर्गात एकही मूल पोर्तुगालची बाजू मनापासून मांडणार नाही. ज्या प्रकरणात आपलं मन गुंतलेलं नाही तिथूनच सुरुवात व्हावी. हंगेरी १९५६ घ्या, सोव्हिएत सैन्याने तिथला उठाव चिरडला ते. आमसभेच्या ९ नोव्हेंबरच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुकांची मागणी होती आणि भारताने सोव्हिएत गटाबरोबर विरोधात मत दिलं. मुलांना हे टोचतं, आणि टोचलं की विचार सुरू होतो.

---

मांडवीकाठ

सह्यकडा यांच्या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर याच प्रकरणात आहे. १९६१ च्या आधी १९६० वाचायला द्या. पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता, दादरा आणि नगर हवेलीकडे जाण्याच्या वाटेबद्दल. हे प्रदेश १९५४ मध्ये पोर्तुगालच्या हातून गेले होते. कालक्रम फळ्यावर लिहा : १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत, १९ डिसेंबरला न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य, २२ डिसेंबरला दावा दाखल. आठ दिवसांत सगळं. भारताने प्राथमिक हरकती घेतल्या. काही १९५७ मध्येच फेटाळल्या गेल्या, उरलेल्या अंतिम निकालात.

१२ एप्रिल १९६० चा निकाल तीन तुकड्यांत आहे. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना १९५४ मध्ये वाटेचा हक्क होता : ११ विरुद्ध ४. सशस्त्र दल, पोलीस, शस्त्रं यांना नव्हता : ८ विरुद्ध ७. भारताने आपलं बंधन मोडलं नाही : ९ विरुद्ध ६. 'भारत जिंकला' हेही अर्धवट आणि 'पोर्तुगालचा हक्क मान्य झाला' हेही अर्धवट. मुलांना तिन्ही मतं वेगवेगळी मांडायला लावली की आपोआप दोन्ही बाजूंचं वकीलपत्र घ्यावं लागतं. भारताच्या वतीने तदर्थ (त्या खटल्यापुरते नेमलेले) न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. युक्तिवादांचे खंड न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेत.

इथे एक चूक नेहमी होते. हा खटला गोव्याच्या सार्वभौमत्वाचा नव्हता, फक्त वाटेचा होता. लघुप्रबंधात 'हेगच्या न्यायालयाने गोव्याबाबत...' अशी वाक्यं सर्रास दिसतात. ती खोडायलाच हवीत.

आणि एक मनापासून सांगायचंय. या सगळ्या कागदांत गोव्यातली माणसं जवळजवळ नाहीत. परिषदेत लिस्बन बोलतं, दिल्ली बोलते, पणजी बोलत नाही. ही उणीव मुलांना दाखवून द्या. पणजीचं राज्य अभिलेखागार आणि पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र या दोन जागा त्यासाठी आहेत.

---

शून्यप्रहर

दुसरा प्रश्न, साठ मुलांचा वर्ग. अभिरूप सुरक्षा परिषद भरवा, पण १९६१ ची.

तेव्हा परिषदेत ११ सदस्य होते. पाच कायम (चीनची जागा तैवानमधल्या तैपेईच्या सरकारकडे) आणि सिलोन, चिली, इक्वेडोर, लायबेरिया, तुर्कस्तान, संयुक्त अरब प्रजासत्ताक. शिवाय भारत आणि पोर्तुगाल, कलम ३२ खाली बोलावलेले, मताविना. म्हणजे १३ तुकड्या, प्रत्येकीत चार-पाच जण.

पहिली तासिका : प्रत्येक तुकडीला एक पान. त्यात त्या देशाची डिसेंबर १९६१ पर्यंतचीच माहिती, पुढचं काही नाही. दुसरी : भाषणं, प्रत्येकी तीन मिनिटं. तिसरी : मसुद्यावर वाटाघाटी आणि मतदान. चौथी : खरं काय घडलं ते, आणि फरक का पडला याची चर्चा.

काय बिघडतं ते आधी सांगतो. रशियाची तुकडी पहिल्याच मिनिटाला नकाराधिकार वापरून मोकळी होते. यावर उपाय म्हणजे मतदानाआधी प्रत्येक तुकडीने तीनशे शब्दांत मताची कारणं लिहून द्यायची, गुण त्या कागदाला. भाषण ठोकणाऱ्या दोन मुलांनाच सगळे गुण जाणं त्यामुळे थांबतं. दुसरं म्हणजे मुलं देशाऐवजी स्वतःचं मत मांडतात. वाक्याची सुरुवात 'माझ्या सरकारच्या मते' अशीच झाली पाहिजे, हा नियम करा आणि पाळला जातोय का ते बघा. तिसरं, हुशार मुलं भारत आणि अमेरिकेकडे धावतात. त्यांना मुद्दाम चिली आणि इक्वेडोर द्या. स्वतः एकेकाळी वसाहती असलेले हे दोन देश पोर्तुगालला सोयीच्या मसुद्याच्या बाजूने का गेले, हा अख्ख्या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

मतांची बेरीजही बघा. एस/५०३३ च्या बाजूने ७, विरोधात ४ : सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक. तटस्थ कुणीच नाही. तेव्हा मंजुरीला ७ च मतं लागत. म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या दोघांपैकी एक जरी तटस्थ राहिला असता, तर नकाराधिकाराची गरजच पडली नसती.

---

पूर्वरंग

शेवटचं वाक्य वाचून इतिवृत्त उघडून बसलो. आज जेवण उशिरा.

---

आकडेमोड

थोडं अवांतर, पण मतदानाचा विषय निघालाच आहे म्हणून.

आमसभेतल्या मतांचा सर्वाधिक वापरला जाणारा माहितीसंच एरिक व्हूटन यांचा. त्यात होकार १, तटस्थ २, नकार ३, गैरहजर ८ आणि सदस्य नसल्यास ९ असे संकेतांक आहेत. विद्यार्थी तक्ता उतरवून घेतात आणि थेट सरासरी काढतात. ८ आणि ९ आधी वगळले नाहीत तर गैरहजर देश नकार देणाऱ्यापेक्षाही कडवा विरोधक दिसायला लागतो! पहिलं काम म्हणजे हे दोन आकडे रिकामे करणं.

दुसरा खड्डा. बहुसंख्य ठराव मतदानाविना संमत होतात, ते या संचात येतच नाहीत. त्यामुळे 'भारत आणि अमुक देश इतके टक्के सहमत' हे विधान फक्त वादग्रस्त ठरावांपुरतं खरं असतं. तसं स्पष्ट लिहायला हवं.

तिसरं, एकट्या आकड्यावरून हेतू काढू नका. १४ जानेवारी १९८० च्या अफगाणिस्तान ठरावावर भारत तटस्थ होता (१०४-१८-१८) आणि २ मार्च २०२२ च्या युक्रेन ठरावावरही (१४१-५-३५). संकेतांक दोन्हीकडे २. पण मतानंतर दिलेलं स्पष्टीकरण शेजारी ठेवून वाचलं की भाषा अगदी वेगळी आहे. मुलांना हा सराव जरूर द्या.

---

निशिगंधा_क

आकडेमोड, शस्त्रखरेदीच्या आकड्यांचंही सांगा ना. सिप्री या स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेचे आकडे लोक कोटी रुपयांत बदलून लिहितात.

---

आकडेमोड

निशिगंधाताई, बरोबर पकडलंत. स्टॉकहोमच्या त्या संस्थेचा निर्देशांक म्हणजे किंमत नव्हे. शस्त्राची लष्करी क्षमता मोजायचं ते एकक आहे. करार कितीला झाला, उधारी होती की मैत्रीभाव, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याला चलनाचा दर लावणं किंवा जीडीपीने भागणं, दोन्ही चूक. दोन काळांची किंवा दोन पुरवठादारांची तुलना करायची असेल तर वापरा. एका वर्षाच्या चढउतारावर निष्कर्ष काढू नका, कारण विमानांची एक मोठी खेप आली की रेघ उंच उडी मारते. पाच वर्षांची सरासरी घ्या.

---

दफ्तरदार

तिसऱ्या प्रश्नाच्या दिशेने, म्हणजे दिल्लीच्या कागदांबद्दल.

जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाण्याआधी 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर शोध घ्या. एकच शब्द टाकून थांबू नका. गोवा, पोर्तुगीज, दमण, लिस्बन, सत्याग्रह असे वेगवेगळे शब्द टाका, कारण फाइलचं शीर्षक लिहिणाऱ्या कारकुनाने काय शब्द वापरला असेल ते सांगता येत नाही. मंत्रालय, शाखा, वर्ष, फाइल क्रमांक ही चारही अंगं जशीच्या तशी उतरवून घ्या. मागणीपत्रावर यातलं एक जरी चुकलं तर पत्र परत येतं. विभागप्रमुखांचं परिचयपत्र सोबत हवं.

मागणीपत्र कधी 'एनटी' शेऱ्यानेही परत येतं. म्हणजे फाइल यादीत आहे, पण मंत्रालयाकडून अजून आलेलीच नाही. तेव्हा हताश न होता तोच विषय दुसऱ्या शाखेत शोधा. गोव्याचा पत्रव्यवहार गृह मंत्रालयात आणि वकिलातींच्या फायलींतही सापडू शकतो, कारण प्रती अनेक ठिकाणी जात.

फाइल हाती आली की पत्रांचे फोटो काढायची घाई करू नका. भारतीय फाइलचे दोन भाग असतात : टिपणी आणि पत्रव्यवहार. पत्रव्यवहारात शेवटी काय ठरलं ते दिसतं. कुणी काय सुचवलं, कुणी खोडलं, कुणी 'चर्चा करावी' लिहून तीन आठवडे अडवून धरलं, हे टिपणीत असतं. निर्णयप्रक्रियेवर लिहायचं असेल तर टिपणी हाच गाभा. आद्याक्षरी सह्या कुणाच्या हे त्या वर्षीच्या अधिकाऱ्यांच्या यादीवरून जुळवून ठेवा. नंतर घरी बसून ते उलगडत नाही.

माहिती अधिकाराबद्दल एक गैरसमज आहे. वीस वर्षं झाली की सगळं मिळतं असं लोक धरून चालतात. कलम ८(३) मध्ये ती तरतूद आहे खरी, पण ८(१)(अ) तिच्यातून वगळलेलं आहे, आणि परराष्ट्र संबंध नेमके त्याच कलमात येतात. अर्ज जरूर करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण अख्खा प्रबंध त्या उत्तरावर टांगून ठेवू नका. अर्जात 'सर्व फायली द्या' असं न लिहिता नेमका फाइल क्रमांक मागा.

---

गोदाकाठ

नांदेड, परभणीच्या विद्यार्थ्याला दिल्लीत महिनाभर राहणं परवडत नाही. त्याने काय करायचं?

---

तळटीप

गोदाकाठ, प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच विषय निवडताना साधनं आधी बघावीत. वर दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या, हेगच्या आणि अमेरिकी कागदांना एक पैसा लागत नाही. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेच्या चर्चा आहेत. नेहरू पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री दोन्ही होते, त्यामुळे परराष्ट्र खात्याच्या प्रश्नोत्तरांत ते स्वतः उत्तर देतात. तारांकित प्रश्न आधी बघा, उपप्रश्नांत खरी माहिती निघते. नेहरूंचं निवडक वाङ्मयही ऑनलाइन खुलं आहे. एमएच्या लघुप्रबंधाला एवढं भरपूर झालं. दिल्ली पीएचडीला.

ब्रिटनचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, परराष्ट्र खात्याची एफओ ३७१ ही मालिका. यादी घरबसल्या बघता येते.

---

निशिगंधा_क

लघुप्रबंधाबद्दल. 'भारत-पोर्तुगाल संबंध : एक चिकित्सक अभ्यास' असा आराखडा आला की तो परत पाठवावा. त्यात प्रश्नच नाही. प्रश्न असा हवा : १९५५ च्या गोवा सत्याग्रहावर गोळीबार झाला तेव्हा थांबलेला भारत, डिसेंबर १९६१ मध्येच का हलला?

आता स्पर्धक स्पष्टीकरणं मांडा. एक, आफ्रिकेचा दबाव : १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव, सप्टेंबरात अलिप्त देशांची बेलग्रेड परिषद, ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवरचं चर्चासत्र. दोन, तात्कालिक चिथावणी : १७ नोव्हेंबरला पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून 'साबरमती' बोटीवर गोळीबार. तीन, निवडणूक : फेब्रुवारी १९६२, उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी. चार, चीन सीमेवरून होणारी टीका.

प्रत्येक स्पष्टीकरण खरं असेल तर कागदात काय दिसायला हवं, हे वाचनाआधी लिहून काढा. १७ नोव्हेंबरच्या आधीच लष्करी तयारीची भाषा दिसली तर 'साबरमती' निमित्त ठरतं. नाही दिसली तर दुसऱ्या स्पष्टीकरणाला बळ येतं. निवडणुकीचं स्पष्टीकरण टीकाकारांनी तेव्हाच मांडलं होतं, ते सिद्ध करणं सर्वांत कठीण, कारण असा हेतू फायलीत कुणी लिहीत नाही. म्हणून ते टाळायचं नाही, पण 'पुरावा अप्रत्यक्ष' असं स्पष्ट म्हणायचं. चारही थोडी थोडी खरी असा गुळमुळीत निष्कर्ष नको. कोणतं नसतं तर तारीख बदलली असती, यावर भूमिका घ्या. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच असतो.

---

सह्यकडा

निशिगंधा, हे पटलं. तुम्ही 'कागदात काय दिसायला हवं' म्हणता, तेच माझ्या भाषेत सिद्धांत. मी क्रमाचा हट्ट थोडा सोडतो, पण एक अट घालून : चौथ्या तासिकेनंतर लगेच सिद्धांत आलाच पाहिजे, महिन्याभराने नव्हे.

जोडणी कशी करायची ते सुचवतो. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, त्याच्या अझोर्स बेटांवरचा लाजेस हवाई तळ अमेरिकेला हवा होता आणि त्याचा करार १९६२ अखेर संपत होता. वास्तववादी हिशेबाने अमेरिका पोर्तुगालसाठी किती पुढे जायला हवी होती? परिषदेत स्टीव्हन्सन कडक बोलले. पण नकाराधिकारानंतर प्रश्न आमसभेत नेला गेला नाही. तेव्हा १०४ सदस्य होते आणि त्यांतले कितीतरी नुकते स्वतंत्र झालेले. वसाहतवादाविरुद्धचं वातावरण एवढं तापलं होतं की तिथे मतं मिळणं अवघड. हे समजावायला रचनावाद लागतो. 'नाटो का आलं नाही?' हा प्रश्न मुलं विचारतातच. त्यासाठी नाटो कराराचं सहावं कलम वाचायला द्या : संरक्षणाचं क्षेत्र कर्कवृत्ताच्या उत्तरेला. गोवा पंधरा अंशांवर. तिथे सिद्धांत नाही, करार वाचला की पुरतं.

---

मांडवीकाठ

सह्यकडा, क्या बात! यात शेवटची तारीखही घाला. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानेच मान्य केलं, लिस्बनमधली हुकूमशाही त्या एप्रिलमध्ये कोसळल्यावर. बाहेरची परिस्थिती तीच, आतली राजवट बदलली आणि धोरण बदललं. राज्यसंस्थेच्या आत डोकवायचं की नाही, हा तुमचा पहिल्या प्रतिसादातला प्रश्न इथे जिवंत होतो.

---

खडूफळा

सर्वांचे आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मसुदा असा करतोय : पहिली तासिका झा-स्टीव्हन्सन, दुसरी हेगचा निकाल, पुढच्या चार शून्यप्रहर यांच्या परिषदेला, सातवीपासून सह्यकडा यांच्या क्रमाने सिद्धांत. हंगेरीचं मतदान सिद्धांतानंतर, चाचणी म्हणून.

एक अडचण उरते. विद्यापीठाच्या परीक्षेत प्रश्न अजूनही 'वास्तववाद स्पष्ट करा' असाच येणार. मुलांचं नुकसान होऊ नये.

---

शून्यप्रहर

खडूफळा सर, अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, तीनशे शब्दांचा कागद तिथे मोजा. विद्यापीठाच्या प्रश्नासाठी प्रत्येक सिद्धांताच्या शेवटी वीस मिनिटं राखून ठेवा : मुद्दे फळ्यावर, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर गोव्यातलं एक उदाहरण. उत्तर तेच राहतं, उदाहरणामुळे गुण वाढतात.

आणि भूमिकापत्रं छापताना सनदेची आजची प्रत देऊ नका. कलम २३ आणि २७ ची दुरुस्ती १९६५ ची आहे. आजच्या प्रतीत १५ सदस्य आणि ९ मतं दिसतात, मग सात मतांवरून वर्गात गोंधळ होतो. ही दोन कलमं १९४५ च्या मूळ प्रतीतून घ्या, बाकी चालतील.